लपवलेला रकाना

आमच्या मंडळाच्या वधू-वर नोंदवहीत प्रत्येक स्थळाला दोन पानं असायची. डावं पान लोकांसाठी आणि उजवं आमच्यासाठी. डाव्या पानावर नाव, जन्मवेळ, शिक्षण, नोकरी, उंची आणि अपेक्षा. उजव्या पानावर वरती एकच शब्द छापलेला, ‘शेरा’. पालक वही चाळायला आले की ती मधोमध मागे दुमडायची आणि डावं पान तेवढं त्यांच्यापुढे धरायचं. शेरा खाली टेबलाला चिकटलेला राहायचा. ही पद्धत माझ्या आधीच्या बाईंनी घालून दिली होती. मी रविवारी दहा ते एक त्या टेबलावर बसायला लागले तेव्हा त्यांनी मला दोनच गोष्टी शिकवल्या, वही कशी दुमडायची आणि शेरा खरा कसा लिहायचा.

खरा शेरा लिहिण्यात मला लवकरच गोडी लागली. ‘उंची पाच-आठ सांगतात. पायात काय घातलं होतं ते बघायचं राहिलं.’ ‘फोटो जुना. फारच जुना.’ ‘मुलगी हुशार, पण वडील तिला एक वाक्य पुरं करू देत नाहीत.’ ‘शुद्ध शाकाहारी हवी म्हणतो. एसटी स्टँडमागे भुर्जीच्या गाडीवर भेटला.’ हे कुणाची टिंगल करायला नव्हतं. दोनशेवर स्थळं डोक्यात राहत नाहीत, आणि एका वाक्यात माणूस आठवतो. टिंगल झालीच तर ती वरकड.

मंडळाची खोली भिवंडीत निजामपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून लूम, म्हणजे यंत्रमाग, आहेत. रविवार असो की दिवाळी, खटखट चालूच असते. त्यामुळे आमच्याकडे कुणाला कानात काही सांगता येत नाही. स्थळाबद्दलची नाजूक गोष्टही ओरडूनच सांगावी लागते, आणि बाकावर बसलेले चार पालक ती ऐकतात. म्हणून लोक वीज जायची वाट बघतात. वीज गेली की लूम थांबतात, पंखा थांबतो, आणि मग जी माणसं अर्धा तास हवापाण्याचं बोलत असतात ती एकदम खुर्ची पुढे ओढतात. मला भिवंडीतल्या घरांबद्दल जे काही खरं कळलंय त्यातलं बहुतेक अंधारात कळलंय.

मग एका पावसाळ्यानंतर कपाट उघडलं तर तीन वह्यांना वाळवी लागलेली. मंडळाचे कार्यवाह, निवृत्त शिक्षक, म्हणाले की आता सगळं क्लाउडवर चढवू. त्यांच्याकडे एक फुकटचं खातं होतं. त्यांच्या स्वतःच्या नावाचं, स्वतःच्या मोबाइलला जोडलेलं, आणि नातवाचे वाढदिवस व सकाळच्या सूर्योदयांची चित्रं यांनी निम्मं भरलेलं. त्यातच ‘स्थळे’ असं एक फोल्डर केलं. पासवर्ड म्हणजे कुलदेवता आणि तिच्यापुढे मंडळाचं स्थापनावर्ष. हे वर्ष आमच्या दारावरच्या पाटीवर रंगवलेलं आहे आणि कुलदेवता कोणती ते सगळ्या समाजाला ठाऊक.

इथे मला स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती लपवून पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मी आठवड्याचे सहा दिवस हायवेजवळच्या एका गोदामात डिस्पॅचचं काम बघते. लोकांनी ऑनलाइन मागवलेला माल, म्हणजे लोकांचे पत्ते आणि फोननंबर. त्यामुळे तिथे आम्हाला माहिती संरक्षणाचं रीतसर ट्रेनिंग झालं होतं. नवा कायदा आलाय, माहिती माणसाची असते, आपण फक्त सांभाळणारे. ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, काम संपलं की पुसायची, आणि कंपनीची कोणतीही यादी स्वतःच्या फुकटच्या खात्यात ठेवायची नाही. हे मी पाठ केलं आणि पुढे माझ्या शिफ्टमधल्या अकरा जणांना मीच शिकवलं. एका मुलीने पत्त्यांची यादी घरून काम करता यावं म्हणून स्वतःच्या खात्यात टाकली, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर उभं करून झापलं.

आणि त्याच महिन्यात, रविवारी, मी कार्यवाहांच्या फुकटच्या खात्यात दोनशे सतरा माणसांच्या जन्मवेळा, फोननंबर आणि शेरे टाइप करत होते. गोदामाचा कायदा मंडळाला लागतो असं माझ्या डोक्यातच आलं नाही. गोदाम म्हणजे धंदा आणि मंडळ म्हणजे आपली माणसं, असा काहीतरी हिशेब असणार. शेवटच्या रकान्यात शेरे होते. तो रकाना निवडून मी ‘लपवा’ दाबलं. रकाना गेला. वहीचं पान दुमडल्यासारखंच वाटलं मला, आणि मी समाधानाने चहा प्यायले.

या सगळ्यानंतर वर्षभराने एक शिक्षिका आली. वय तेहतीस, नारपोलीला राहणारी, इथल्याच एका शाळेत गणित शिकवणारी. फॉर्म भरताना ‘वैवाहिक स्थिती’पाशी तिने पेन थांबवलं आणि नुसती एक रेघ ओढली. मी ती रेघ बघितली, तिने मला बघताना बघितलं, आणि आम्ही दोघी पुढे गेलो. तिसऱ्या रविवारी वीज गेली. तिने खुर्ची ओढली. चोविसाव्या वर्षी तिने एका सहकाऱ्याशी रजिस्टर लग्न केलं होतं. तीन महिन्यांत ते मोडलं, कोर्टात रीतसर घटस्फोटाचे कागद झाले. घरच्यांनी होता होईल तो कुणाला कळू दिलं नाही. तिचं म्हणणं साधं होतं. ती हे लपवणार नव्हती. पण जो माणूस तिला भेटेल त्याला ती पहिल्याच भेटीत, होकाराच्या आधी, स्वतःच्या तोंडाने सांगणार होती. आधी दोनदा कुणीतरी परस्पर सांगितलं आणि दोन्ही वेळा समोरच्यांनी फोन उचलणं बंद केलं होतं.

“त्यांनी नकार दिला त्याचं काही नाही, काकू,” ती म्हणाली. “पण मी चोरी पकडली गेल्यासारखी बसले होते. मी काही चोरलं नव्हतं.”

मी तिला शब्द दिला. आणि घरी जायच्या आधी, विसरायला नको म्हणून, आडनावांच्या क्रमाने लागलेल्या तिच्या एकशे सतराव्या ओळीत शेरा लिहिला: ‘आधी रजिस्टर लग्न, तीन महिने, कागद झालेत. ती स्वतः सांगणार आहे. आपण कुणीही तोंड उघडायचं नाही.’

यापेक्षा मूर्ख वाक्य मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

काही महिन्यांनी तिच्यासाठी एक स्थळ जुळत आलं. ठाण्याला एका कार्यालयात काम करणारा, छत्तिशीचा, शांत माणूस. त्याचा शेरा मी लिहिला होता: ‘सज्जन. आईला विचारल्याशिवाय चपलासुद्धा बदलत नाही.’ आईला गणेशपुरीला दर्शनाला जायचंच होतं, म्हणून दोन्ही घरांनी त्या रविवारी तिथेच भेटायचं ठरवलं. शिक्षिकेने मला सांगितलं की मोठी माणसं गरम पाण्याच्या कुंडाकडे गेली की ती त्याला बाजूला घेऊन सांगणार आहे. वाक्यंसुद्धा ठरवली होती तिने, गणितासारखी, पायऱ्या पायऱ्यांनी.

शुक्रवारी आमचे कार्यवाह डोळ्याच्या ऑपरेशनला निघाले. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू होता. सेवानिवृत्तीनंतर ते गणेशपुरीलाच राहतात, भाताची थोडी शेती आहे, बायको तिथलीच. निघायच्या आधी त्यांना एक काळजी होती. समाजाच्या ग्रुपवरचे लोक सारखे यादी बघायची परवानगी मागायचे, प्रत्येकाला त्यांना फोनवर ‘हो’ दाबावं लागायचं, आणि डॉक्टरांनी आठवडाभर फोन बंद सांगितला होता. म्हणून त्यांनी सगळ्यांना एकदमच ‘हो’ दाबलं. ज्याच्याकडे लिंक असेल त्याने उघडावं, बघावं, हवा तो बदल करावा. लिंक ग्रुपवर टाकली, खाली लिहिलं ‘सर्वांनी लाभ घ्यावा’, आणि ऑपरेशनला गेले.

समाजाने लाभ घेतला.

कुणीतरी कुठेतरी बोट लावलं आणि लपवलेला रकाना उलगडला. एकाने उलगडला तो सगळ्यांनाच दिसायला लागला. मी गोदामात संध्याकाळच्या गाड्या भरून घेत होते तेव्हा पहिला फोन आला. एका बापाला विचारायचं होतं की त्याच्या मुलाबद्दल ‘स्वतःला फार समजतो’ हे मी कोणत्या आधारावर लिहिलं. दुसरा फोन भुर्जीचा होता. तो म्हणाला की ती भुर्जी त्याने मित्रासाठी घेतली होती. तिसऱ्या फोनवरच्या बाईंना मी त्यांच्या मुलीचं कौतुक केलेलं आवडलं होतं, पण शेजारच्या ओळीतल्या मुलीचं जास्त केलंय असं त्यांचं मोजमाप निघालं. मी एका हाताने पावत्यांवर सह्या करत होते आणि दुसऱ्या हाताने फोन कानापासून लांब धरत होते.

मध्येच फोनवर यादी उघडून बघितली तर आणखी एक चमत्कार दिसला. शेरे सुधारत चालले होते. ‘स्वतःला फार समजतो’च्या जागी ‘अत्यंत कर्तबगार व मनमिळाऊ’ आलं होतं. पाच-आठ उंचीवाला पाच-नऊ झाला होता. एकाने स्वतःचा शेरा सुधारून झाल्यावर चुलतभावाचा बिघडवला होता. माझ्या डोळ्यांदेखत एका रकान्यात ‘निर्व्यसनी’ हा शब्द अक्षर-अक्षर टाइप होताना मी बघितला आणि मला हसू आवरेना. ड्रायव्हरने विचारलं, “मॅडम, सब ठीक है?”

मग मला एकशे सतरावी ओळ आठवली आणि हसू तिथेच थांबलं.

ती ओळ जशीच्या तशी होती. मी आख्खा रकाना निवडला आणि उडवला. दहा मिनिटांत कुणीतरी तो परत आणला. फुकटची करमणूक अशी मध्येच बंद व्हावी असं लोकांना वाटत नव्हतं. मी पुन्हा उडवला, तो पुन्हा आला. तेवढी एकच ओळ पुसावी म्हटलं, तर आधीची प्रत काढून बघणाऱ्याला नेमकं तेच आधी दिसलं असतं की सगळ्यांत हिने हीच एक का पुसली. लिंक बंद करणं खात्याच्या मालकाच्या हातात होतं. दारावरच्या पाटीवरचा पासवर्ड टाकून मी माझ्या फोनवरून आत शिरायचा प्रयत्न केला, तर नवा फोन दिसतोय म्हणे, मालकाच्या मोबाइलवर आलेला आकडा टाका. ज्या दोनशे लोकांना आत यायला नको होतं ते आत बसले होते आणि मी दाराबाहेर.

एवढ्यात त्या ठाण्याच्या मुलाच्या आईचा फोन आला. चपलांवरून त्या बऱ्याच बोलल्या. मी ऐकून घेतलं, माफी मागितली, कारण मला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, त्यांनी बाकीचं किती वाचलंय. तर त्यांनी वाचलं नव्हतं. मोबाइलची अक्षरं बारीक, एवढी मोठी यादी, त्यांना त्यांच्या मुलाचीच ओळ मुश्किलीने सापडली होती.

“पण वाचणार आहे,” त्या म्हणाल्या. “उद्या दुपारी झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात छापून घेते. जेवण झाल्यावर निवांत बसून पहिल्यापासून वाचते. कळू दे तरी तुम्ही समाजाला काय समजता ते.”

म्हणजे माझ्याकडे उद्या दुपारपर्यंतचा वेळ होता.

मी कार्यवाहांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोने उचलला. साहेब डोळ्याला पट्टी बांधून झोपलेत. मी म्हटलं, वहिनी, त्यांच्या मोबाइलवर आत्ता एक सहा आकडी नंबर येईल, तो मला वाचून दाखवा.  मग त्या माहेरच्या बोलीवर आल्या. त्या चिडल्या की तशाच बोलतात.

“मी न्हाय देनार. ह्यो नंबर कुनालाबी द्यायचा न्हाय. ब्यांकेच्या साहेबानं माज्या समोर सांगितलंय.”

मी म्हटलं, अहो, मी आहे, मंडळातली. त्या म्हणाल्या, असंच म्हणतात ते लोक, आवाजसुद्धा आपल्या माणसाचा काढतात. मी सरांना फोन द्या म्हटलं. मागून सरांचा आवाज आला की अगं देऊन टाक. त्यावर वहिनींनी त्यांना झोपायला सांगितलं, आणि मला सांगितलं की डोळ्यात औषध घातलेल्या माणसाची संमती त्या धरत नाहीत. फोन ठेवला. माहिती संरक्षणाचा एवढा कडक अंमल मी गोदामातसुद्धा बघितलेला नाही.

शनिवारी मी रजा टाकून गणेशपुरीची एसटी धरली. शेजारी दर्शनाला निघालेल्या बायका होत्या. त्यांनी मला प्रसादाचा डबा कुठे आहे विचारलं. मी म्हटलं की दर्शनाला नाही, एक दार बंद करायला चाललेय. 

वहिनींनी मला दारात नीट न्याहाळलं, आत घेतलं, पाणी दिलं. पण फोन माझ्या हातात दिला नाही. कार्यवाह आरामखुर्चीत एका डोळ्याने केविलवाणे बसले होते. मी त्यांना काय झालंय ते सांगितलं, कोणाच्या ओळीत काय आहे ते न सांगता. ते पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत राहिले की मला वाटलं लोकांची सोय होईल. त्यांना बोलून उपयोग नव्हता. त्यांनी दार उघडलं होतं हे खरं, पण आत जे ठेवलं होतं ते मी ठेवलं होतं. लॅपटॉप वहिनींनीच फडताळातून काढला. नंबर आला तो त्यांनी ओठ हलवत वाचला, एका हाताने फोनवर आडोसा धरला आणि दुसऱ्या हाताच्या एका बोटाने स्वतः टाइप केला. मी तोंड भिंतीकडे करून उभी राहिले, कारण त्यांनी तसं सांगितलं होतं.

मी लिंक बंद केली. शेऱ्यांचा रकाना उडवला, सगळ्या जुन्या प्रतींसकट आख्खी फाइलच उडवली, आणि नुसत्या डाव्या पानाची नवी, कुलूपबंद यादी केली. घड्याळात पाहिलं तर पावणेएक. झेरॉक्सवाल्यांची दुकानं दहालाच उघडतात.

खरं तर इथे मी घरी जाऊ शकले असते. झेरॉक्स झाली असेल किंवा नसेल. त्या बाईंना चष्मा सापडला असेल किंवा नसेल. गप्प बसून बघावं असं मला वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. परतीच्या गाडीत वज्रेश्वरी येईपर्यंत मला तेवढंच वाटत होतं. पण माझ्या अकरा जणांना मीच शिकवलं होतं की माहिती फुटली की ज्याची आहे त्याला आधी सांगायचं, लगेच, आणि गोल गोल न बोलता. तेव्हा एकाने विचारलं होतं, “मॅडम, आणि त्याला कळलंच नाही तर?” आणि मी त्याला म्हटलं होतं की कळलं नाही तरी ती त्याचीच असते. हे बोलताना मला फार बरं वाटलं होतं.

मी नारपोलीला उतरले.

ती गॅलरीत सतरंजी टाकून पेपर तपासत बसली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं. खालच्या मजल्यावर लूम चालू होते, जमीन पायाखाली थरथरत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. काय लिहिलं होतं, कुठे लिहिलं होतं, किती वेळ उघडं होतं आणि त्या आईने काय ठरवलं होतं. तिने लाल पेनला टोपण घातलं.

“लिहिलंत कशाला?”

“विसरू नये म्हणून.”

“मी विसरले नव्हते. तुम्हाला लक्षात ठेवायला सांगितलंही नव्हतं. गप्प राहायला सांगितलं होतं.”

 तिने मला बसायलाही सांगितलं नाही, ते रास्तच होतं. थोडा वेळ ती पेपरांच्या गठ्ठ्याच्या कडा सारख्या करत राहिली. मग म्हणाली, “किती वाजलेत?”

“अडीच.”

“त्यांच्याकडे जेवणं दोनला होतात,” ती म्हणाली आणि फोन उचलला.

त्याला फोन लागला. तिने ठरवलेली पहिली पायरी सांगायला सुरुवात केली, पण पलीकडे काही ऐकू जाईना. तिने आवाज चढवला. लूम काही थांबले नाहीत. ती गॅलरीच्या कठड्यापाशी गेली, एका कानात बोट घातलं आणि ओरडून सांगायला लागली. “लग्न! हो, झालं होतं! नऊ वर्षांपूर्वी!” समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई थांबली. “नाही, नाही, तीन वर्षं नाही. महिने. तीन महिने!” खाली सायकलवरचा पाववाला वर बघायला लागला. “कोर्टातून! कागद आहेत! दाखवते!” गेली नऊ वर्षं जे तिच्या घरच्यांनी उंबऱ्याबाहेर जाऊ नये म्हणून जपलं होतं ते तिने पाच मिनिटांत आख्ख्या गल्लीला ऐकवलं. मग ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग म्हणाली, तेही ओरडूनच, “ते मला काय माहीत? उद्या आईंना घरी ठेवून या, मग सांगते.”

फोन ठेवून आत आली. चेहरा लाल झाला होता.  तिने माठातून दोन पेले पाणी काढलं, एक मला दिलं.

“त्यांनी यादी कालच उघडली होती,” ती म्हणाली. “माझ्या ओळीपर्यंत गेलेच नाहीत. स्वतःचीच ओळ रात्रभर वाचत बसले. मला विचारत होते, तुम्हालाही मी तसाच वाटतो का.”

“आणि तीन महिने?”

“म्हणाले, तुम्ही स्वतः सांगितलंत, बरं झालं. आणि पुन्हा चपलांवर आले.” ती खुर्चीवर बसली आणि मला पहिल्यांदा वाटलं की ती हसते की काय. “काकू, तुम्ही लोकांना फार लागेल असं लिहिता.”

तेवढं बोलून तिने मला जायला सांगितलं, कारण तिला पेपर संपवायचे होते.

आईने झेरॉक्स काढली होती, सकाळी साडेदहालाच. पुढचं शिक्षिकेकडून कळलं. पावणेतीनला त्या एकशे सतराव्या ओळीपाशी पोचल्या, कागद घेऊन मुलाच्या खोलीत गेल्या, आणि त्याने मान न उचलता सांगितलं की मला माहीत आहे, तिनेच मघाशी सांगितलं. मग त्या कागदाला सांगण्यासारखं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवशी तो गणेशपुरीला एकटा गेला. ती म्हणते की आल्या आल्या त्याने ‘कागद दाखवा’ म्हटलं नाही, ‘चहा घेऊया का’ म्हटलं.

त्याच रविवारी मी मात्र टेबलावर होते आणि खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वर्षानुवर्षं न फिरकलेले लोक आले. निम्म्यांना माफी हवी होती, ती मी एकेकाला दिली, रांगेत. उरलेल्यांना फाइल हवी होती. एक काकू मला बाजूला घेऊन म्हणाल्या की आमचा शेरा काढलात ते बरं केलंत, पण बाकीच्यांचे कुठे ठेवलेत? मी म्हटलं, कुठेच नाहीत. त्यांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही, अधूनमधून विचारतात.

मंडळाची बैठक झाली. फुकटचं खातं गेलं, मंडळाच्या नावाने वेगळं घेतलं. फॉर्मवर नवीन ओळ आली: माझी माहिती कशासाठी वापरली जाईल हे मला समजलं आहे, आणि मी सांगेन तेव्हा ती पुसली जाईल. त्याखाली सही. शेरा बंद. मी सोळा वर्षांची सवय सोडली आणि आता स्थळं खरंच विसरते. काही बिघडत नाही, लोक स्वतःच आठवण करून देतात. खात्याची किल्ली कुणाकडे द्यायची यावर चर्चाच झाली नाही. अख्ख्या समाजात नियम पाळणारी एकच व्यक्ती निघाली होती. आता मला यादी उघडायची असली तरी मी गणेशपुरीला फोन करते, आणि वहिनी आधी कारण विचारतात.

दोन महिन्यांनी ती दोघं आली. एकत्र, रविवारी, बारा वाजता. मला वाटलं पेढे असतील. पेढे नव्हते. तिने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे ठेवला. दोघांचा अर्ज होता, दोघांच्या सह्या. आमची माहिती ज्या कामासाठी दिली होती ते काम झालं आहे, तरी ती पुसण्यात यावी.

मी वहिनींना फोन लावला, कारण सांगितलं. त्यांनी नंबर वाचून दाखवला नाही, त्यांच्याकडूनच खातं उघडून दिलं. मी त्याची ओळ निवडली आणि पुसली. मग तिची. तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. ती माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती, शाळेत मुलांच्या पाठीमागे उभ्या राहतात तशी.

“कचऱ्याच्या डब्यात राहतं ना अजून?” तिने विचारलं.

“राहतं. महिनाभर.”

“तो रिकामा करा.”

मी केला.

“दाखवा.”

मी डबा उघडून दाखवला. रिकामा होता.

“पुन्हा एकदा,” ती म्हणाली, आणि मी पुन्हा एकदा दाखवला.